बागेतील फरशी आणि मजुराची पेशगी

व्यापारी बांधवांना हा विषय पहिल्या वाचनात लांबचा वाटेल. इंग्लंडमध्ये बागा तयार करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या मालाशी आणि मजुरांशी मालेगावच्या मागवाल्याचा, भिवंडीच्या गोदामवाल्याचा किंवा मिरजेच्या सतार करणाऱ्या कारागिराचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो खातेवहीतून जातो. आम्ही कापडाच्या धंद्यातले, दगडाच्या नव्हे. परंतु बागेच्या या धंद्याचा अभ्यास करताना आमच्याच बाजारातल्या वहीची पाने आम्हांला जागोजाग दिसत राहिली. म्हणून हा लेख.

प्रथम धंदा समजून घेऊ. लँडस्केपिंग म्हणजे नुसते माळीकाम नव्हे. घरामागच्या अंगणात फरशी बसविणे, गाडी उभी करण्यासाठी दगडी चौक करणे, हिरवळ लावणे, कुंपण घालणे, शाळा-इस्पितळांच्या आवाराची वर्षभर निगा राखणे, अशी सारी कामे त्यात येतात. ब्रिटनमध्ये हा मोठा उद्योग आहे. त्याचे काम हंगामी, अंगमेहनतीचे आणि ठेक्यावर ठेका देऊन चालणारे. गिऱ्हाईक घरबसल्या तीन ठिकाणचे भाव मागवते आणि सर्वांत खालचा भाव धरते. माल तर जगभरातून येतो. वालुकाश्माची फरशी राजस्थानची, ग्रॅनाइट दक्षिण भारताचा किंवा चीनचा, काथ्या केरळ-तमिळनाडूचा, रोपांच्या मुळांभोवती गुंडाळायचे तागाचे गोणपाट बंगालचे. म्हणजे कंपनीचा मालक लंडनजवळच्या कचेरीत बसलेला असतो आणि त्याच्या बागेला लागलेला शेवटचा हात बुंदी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातला असतो. मध्ये पाच-सहा कड्या. या कड्यांमध्ये कोठे माणूस अडकवून ठेवला आहे काय, हे शोधणे म्हणजेच आजच्या भाषेत आधुनिक गुलामगिरी रोखणे.

गुलामी आज कशी ओळखावी

गुलाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बेडी आणि बाजार उभा राहतो. आज बेडी नाही, बाजारही नाही. आज माणसाचे कर्ज विकले जाते आणि कर्जाबरोबर माणूस जातो. एका ठेकेदाराने दुसऱ्याची रक्कम भागवली की मजूर कुटुंब इकडून तिकडे गेले. कुटुंबाला विचारणारा कोणी नाही. या रकमेला कोठे उचल म्हणतात, कोठे पेशगी, कोठे बाकी. ऊसतोडीत मुकादम उचल देतो, वीटभट्टीवर भट्टीवाला देतो, मागावर सेठ देतो, दगडाच्या खाणीवर ठेकेदार देतो.

ही रक्कम फिटत का नाही, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका कुटुंबाने ३०,००० रुपये पेशगी घेतली. आठवड्याचे नगावरचे काम ३,५०० रुपयांचे झाले. त्यातून २,००० रुपये खर्ची म्हणून हातात दिले, ३०० रुपये खराब नगांचे कापले, उरलेले १,२०० पेशगीत जमा धरले. चार आठवड्यांचे ४,८०० झाले. त्याच महिन्यात घरात आजारपण निघाले आणि ५,००० रुपये आणखी घेतले. महिनाअखेर पेशगी ३०,२०० रुपये! महिनाभर सारे कुटुंब राबले आणि कर्ज दोनशे रुपयांनी वाढले. यात व्याजाचा एक पैसा नाही आणि मारहाणही नाही. नग कोणी मोजले, खराब कोणी ठरवले, वही कोणाच्या ताब्यात, एवढ्या तीन प्रश्नांत सारे काही आले.

आपल्याकडील कायदा याबाबत स्पष्ट आहे. घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. आणीबाणीच्या काळात २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकूम लागू झाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज नुसते माफ होत नाही, ते कायद्याच्या दृष्टीने संपतेच. संपलेल्या कर्जापोटी रक्कम स्वीकारणे हाही गुन्हा आहे. तंटा झाला तर हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. आमच्या अनुभवाने सांगतो, बाजारात दहांपैकी नऊ जणांना ही शेवटची गोष्ट ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढे पाऊल टाकले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी असा निवाडा दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही सुद्धा सक्तीची मजुरी होय. कारण पोटाची नड हीदेखील सक्तीच आहे. पुढे फरीदाबादजवळच्या दगडखाणींतील मजुरांबाबत बंधुआ मुक्ती मोर्चाने पाठविलेले पत्रच न्यायालयाने अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि डिसेंबर १९८३ मध्ये निकाल दिला. ज्याच्याकडून सक्तीने काम करून घेतले जाते तो मजूर पेशगीत अडकलेला आहे असे धरून चालावे, नाही म्हणणाऱ्याने तसे दाखवावे, हा त्याचा रोख होता. दगडखाणीचा आणि वेठबिगारीचा संबंध असा जुना आहे.

ब्रिटनचा कायदा काय मागतो

ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. माणसाला गुलामीत ठेवणाऱ्यास त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. व्यापाऱ्यांच्या कामाचे कलम ५४वे. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे, तिने दरवर्षी एक निवेदन काढायचे. आपल्या धंद्यात आणि माल पुरविणाऱ्यांच्या साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून वर्षभरात काय केले, ते त्यात सांगायचे. संचालक मंडळाने ते मंजूर करायचे, एका संचालकाने सही करायची आणि ते सर्वांना पाहता येईल असे जाहीर करायचे. साखळी कशी आहे, धोका कोणत्या कडीत आहे, तपास कसा केला, नोकरांना शिकवण काय दिली, या बाबी त्यात याव्यात अशी अपेक्षा आहे.

कायद्यात एक गमतीची तरतूद आहे. आम्ही काहीच केले नाही, असे लिहून दिले तरी कलम पाळल्यासारखे होते. निवेदन न काढल्यास थेट दंडही नाही, सरकार फार तर कोर्टातून हुकूम आणू शकते. मग याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, मोठ्या कंपनीला, नगरपालिकेला किंवा इस्पितळाला काम देताना हे निवेदन मागावेसे वाटते. मोठी कंपनी तोच प्रश्न आपल्या पुरवठादाराला विचारते, पुरवठादार आयातदाराला आणि आयातदार कोट्याच्या निर्यातदाराला. उलढालीची मर्यादा ज्याला लागू नाही त्यालाही शेवटी उत्तर द्यावेच लागते. कायदा दुर्बळ असला तरी प्रश्न साखळीतून खाली उतरतो.

आता त्याहून कडक कायदा येत आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या मजुरीतून तयार झालेल्या मालावर बंदी घालणारा नियम केला असून तो १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे. यात निवेदन वगैरे काही नाही. माल बाजारातूनच काढून टाकायचा. दगड असो, गालिचा असो की तयार कपडे, सर्वांना एकच नियम. निर्यातीशी दूरचा संबंध असलेल्या कारागिरानेही ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

बुधपुऱ्याचा चौकोनी दगड

राजस्थानात कोटा, बुंदी आणि भिलवाडा या पट्ट्यात वालुकाश्माच्या खाणी आहेत. येथील पिवळसर, करडी, तांबूस फरशी इंग्लंडच्या अंगणांत गेली कित्येक वर्षे बसवली जाते. फरशी काढताना खाणीबाहेर तुकड्यांचे डोंगर साचतात. पूर्वी हे तुकडे फुकट जात. पुढे युरोपात रस्त्यांसाठी आणि बागेतल्या पायवाटांसाठी लहान चौकोनी दगडांना मागणी निघाली. तेव्हा या टाकाऊ ढिगाऱ्यातून हातोडी-छिन्नीने चौकोनी दगड घडविण्याचे काम सुरू झाले. बुंदी जिल्ह्यातले बुधपुरा हे गाव या कामासाठी ओळखले जाते.

हे काम खाणीत चालत नाही, घराजवळच्या मोकळ्या जागेत चालते. ठेकेदार तुकडे आणून टाकतो, कुटुंब घडवते, तयार नग मोजून नेले जातात. मजुरी नगावर. मग आई बसली की शेजारी मूलही हातोडी घेऊन बसते, कारण नग वाढले तर पैसा वाढतो. खाणीच्या फाटकावर तपासनीस आला तर त्याला एकही मूल दिसणार नाही. कागद स्वच्छ, फाटक स्वच्छ. मूल मात्र दोन मैलांवर बसलेले असते.

दुसरा घात धुळीचा. वालुकाश्मात सिलिका असते. ती बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारने २०१९ च्या धोरणात रोगाचा दाखला मिळालेल्या मजुराला ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये ठरवले. ही मदत खरोखर मोलाची आहे. पण वेठबिगारीशी या रोगाचा संबंध लक्षात घ्यावा. कर्ता पुरुष ऐन वयात खाटेवर पडतो, औषधासाठी पेशगी वाढते आणि कामावर बायको व मुले जातात. पुरुषाच्या नावावरचे कर्ज मुलाच्या हातोडीवर येते. मुखपट्टी आणि दगडावर पाणी मारण्याची सोय यांना पुष्कळ मालक फालतू खर्च समजतात. खरे तर बालमजुरी थांबविण्याचा तो पहिला उपाय आहे.

या प्रश्नावर काही कंपन्यांनी प्रामाणिकपणे काम केले, हेही सांगितले पाहिजे. यॉर्कशायरची मार्शल्स ही फरशी-दगडाची मोठी कंपनी. २००५ च्या सुमारास ती एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या संस्थेची सभासद झाली आणि भारतीय दगडातील मुलांच्या मजुरीचा प्रश्न तिने आपल्या धंद्यात उघडपणे मांडला. या संस्थेच्या नियमावलीत नऊ कलमे आहेत. त्यातले पहिलेच असे की, नोकरी मजुराच्या स्वतःच्या मर्जीने असावी. त्याच्याकडून अनामत घेऊ नये, त्याची कागदपत्रे ठेवून घेऊ नयेत आणि वाजवी मुदतीची सूचना देऊन त्याला सोडून जाता यावे.

सोडून जाता यावे! आमच्या मते साऱ्या तपासाचे सार याच एका प्रश्नात आहे. हा माणूस उद्या सकाळी उठून दुसरीकडे जाऊ म्हणाला, तर काय होईल?

खुद्द इंग्लंडच्या अंगणात आणि दोह्याच्या बागेत

केवळ हिंदुस्थानातच असे चालते, असा कोणी समज करून घेऊ नये. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या कोर्टात एकाच कुटुंबातील पाच जण दोषी ठरले. त्यांचा धंदा घरांपुढे डांबर आणि ठोकळे बसविण्याचा होता. बेघर, व्यसनी, एकाकी पुरुषांना ते काम आणि निवारा देतो म्हणून गाठत. कॅरव्हॅनच्या वस्तीत ठेवत, दिवसाला अवघे पाच पौंड इतके कमी देत, मारत. ज्यांच्या अंगणात हे लोक राबले त्या गिऱ्हाइकांना काम स्वस्तात झाले एवढेच ठाऊक. तेव्हा कंपनीने माल पाहावा तसाच आपल्या उपठेकेदाराचा मजूरही पाहावा. पगार मजुराच्या स्वतःच्या बँक खात्यात जातो काय? एकाच खाते-क्रमांकावर चार जणांचे पगार जात असतील तर समजून घ्यावे. एकाच पत्त्यावर दहा मजूर राहतात काय? बोलताना मजूर उत्तर देतो की त्याच्या वतीने मुकादम?

आखाती देशांचे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. कोकणातल्या किती घरांची चूल तिकडच्या पगारावर पेटली हे वेगळे सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने दोह्यातील खलिफा स्टेडियम आणि त्याच्या आसपासच्या बागांवरील मजुरांविषयी अहवाल काढला. स्टेडियमच्या बांधकामावरचे १३२ आणि सभोवतालच्या हिरवळीवर काम करणारे ९९ मजूर त्यांनी गाठले होते. बहुतेक जण नेपाळ, भारत आणि बांगलादेशचे. कामासाठी त्यांनी ५०० पासून ४,३०० डॉलरपर्यंत दलाली भरलेली होती. गावी सांगितलेला पगार एक, तिकडे हाती पडणारा दुसरा. एका नेपाळी मजुराला ३०० डॉलर कबूल केले होते, प्रत्यक्षात १९० निघाले. पासपोर्ट मालकाकडे. परत जावे तर दलालीचे कर्ज डोक्यावर. हिरवळ मात्र विश्वचषकासाठी हिरवीगार!

त्यानंतर कतारमध्ये कायदे बदलले. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढण्यात आली. मार्च २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन लागू झाले. विश्वचषकाच्या कामांवरील कंत्राटदारांनी मजुरांनी भरलेली दलाली पगाराबरोबर हप्त्याहप्त्याने परत करावी, अशी योजनाही आखण्यात आली. तिच्यातील शहाणपणाची गोष्ट अशी की, मजुराजवळ पावती असलीच पाहिजे, असा आग्रह धरला नाही. दलाल पावती देतोच कोठे? मलेशियातही हातमोजे बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माल अमेरिकेने जुलै २०२० मध्ये अडवला. तेव्हा तिने मजुरांना सुमारे १५ कोटी रिंगिट दलालीपोटी परत केले आणि २०२१ मध्ये बंदी उठली. हाच पैसा सुरुवातीला मालकाने भरला असता तर तो कितीतरी स्वस्त पडला असता.

आपल्या सरकारच्या नियमांप्रमाणे परदेशी नोकरीसाठी नोंदणी असलेला एजंट मजुराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो, तीही पावती देऊन. आपल्या मोहल्ल्यातून कोणी बागकामावर, सफाईवर, ड्रायव्हरीवर जात असेल तर घरच्यांनी एजंटाचा नोंदणी क्रमांक अगोदर विचारावा. दागिने गहाण ठेवल्यानंतर विचारून उपयोग नाही.

भाव पाडताना काय घडते

आता आम्ही अशा जागी येतो, जेथे व्यापाऱ्याला ऐकणे जड जाते. इंग्लंडचा आयातदार म्हणतो, दर दहा टक्के कमी करा आणि माल तीन आठवड्यांत पाठवा. निर्यातदार आपला नफा थोडा सोडतो, बाकीचा बोजा गोदामवाल्यावर टाकतो, तो ठेकेदारावर. भाडे कमी होत नाही, डिझेल कमी होत नाही, बंदराचा खर्च कमी होत नाही. ढकलत ढकलत तो बोजा जेथे पोहोचतो तेथे कमी करण्यासारखी एकच वस्तू उरते, आणि ती म्हणजे कुटुंबाची झोप. त्याच आयातदाराच्या निवेदनात मात्र आमचे गुलामगिरीबाबत धोरण अत्यंत कडक आहे, असे छापलेले असते. ज्या कंपनीला हा प्रश्न खरोखर सोडवायचा आहे तिने आपल्या खरेदी खात्यापासून सुरुवात करावी. एका चौरस मीटरमागे घडाईची मजुरी किती धरली आहे, हे भावपत्रकात वेगळे मागावे आणि तो आकडा घासाघिशीच्या बाहेर ठेवावा.

कापडातही तेच. ग्रे कापड घेताना आपण रीड-पिक मोजतो, तागा उलगडून डाग पाहतो, मीटर भरतो. माग कोणी चालविला, बारा तास की चौदा तास, त्याच्यावर बाकी किती, हे पाहण्याची पद्धत नाही. मुंबईत २००५ मध्ये जरीच्या कारखान्यांवर छापे पडले आणि बिहारमधून आणलेली लहान मुले सुटली, तेव्हा आपल्या समाजात मोठी कुजबुज झाली. त्यातले कित्येक कारखानदार आपलेच होते, मुलेही आपलीच होती. आम्ही त्यांना हुनर शिकवत होतो, असे सांगितले गेले. हुनर शिकायला आलेल्या मुलाच्या बापाला आगाऊ रक्कम का द्यावी लागते, याचे उत्तर मात्र कोणी दिले नाही.

पुष्कळ मालक अभिमानाने सांगतात की, आम्ही मजुराला रक्कम देतो पण व्याज घेत नाही. यावर विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. कर्ज आणि विक्री एकत्र बांधण्यास प्रेषित (सल्ल.) यांनी मनाई केल्याचे हदीसमध्ये आले आहे. कर्जाच्या अटीने मिळवलेला लाभ फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधिज्ञांनी, व्याजातच मोजला आहे. आता ३०,००० रुपये दिल्यामुळे जर तो मजूर बाजारभावापेक्षा कमी नगदराने आपल्याकडेच राबत असेल, तर तो फरक कोणत्या खात्यात लिहायचा? आमचे म्हणणे कोणी आलिमांना विचारून तपासून घ्यावे. स्वतंत्र माणसाला विकून खाणारा आणि मजुराकडून पुरे काम घेऊन मोबदला न देणारा, या दोघांना बुखारीतील एका हदीसमध्ये शेजारी शेजारी बसवले आहे. कयामतच्या दिवशी दोघांविरुद्ध फिर्यादी स्वतः अल्लाह असेल. आणखी काय सांगावे!

पण नुसती पेशगी बंद करा म्हणून भागणार नाही. मजूर पेशगी हौसेने घेत नाही. लग्न असते, बाळंतपण असते, पावसाळ्यात काम बंद असते. एकट्या मालकाने ठरवले की यापुढे पेशगी द्यायची नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचे निम्मे कारागीर शेजारच्या कारखान्यात जातील. म्हणून उपाय दोन बाजूंनी व्हावा. एक, मजुराला कर्ज मिळावे पण ते मालकाकडून नव्हे. मोहल्ल्यातील बैतुलमाल, बिनव्याजी पतसंस्था किंवा कारागिरांची सोसायटी यांनी ते द्यावे. मग तो मजूर कोठेही काम करो, हप्ता भरतो. कर्जाची आणि कामाची गाठ सुटली की पेशगीचा दात गळून पडतो. जकातीच्या आठ खात्यांत मान सोडविणे आणि कर्जदार ही दोन खाती कुरआनने स्वतंत्रपणे दिलेली आहेत, हे समित्यांनी ध्यानात घ्यावे. दुसरे, बाजारातील सर्वांनी मिळून ठरवावे. मक्केत एका येमेनी व्यापाऱ्याचा माल घेऊन एका सरदाराने पैसे बुडविले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही मंडळी जमली आणि पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा करार झाला. तोच हिल्फुल फुजूल. त्या वेळी प्रेषित (सल्ल.) तरुण होते आणि करारात सहभागी होते. पुढे नबुवतीनंतरही त्यांनी त्याची आठवण मानाने काढली. तो करार व्यापाराच्या तंट्यातून निघाला होता, हे विशेष. एखाद्या गावच्या माग-मालकांच्या संघटनेने नगदर भिंतीवर लिहिला, हिशेबाची दुसरी वही कारागिराच्या हातात दिली आणि एकमेकांची बाकी विकत घेणे बंद केले, तर तोही तसाच करार होईल.

तपास कसा करावा, याबद्दल थोडे. दाखल्यावर विसंबू नये. दाखला फाटकापर्यंत जातो, आपल्याला शेवटच्या हातापर्यंत जायचे आहे. ठेकेदाराला विचारावे की एवढे नग एवढ्या दिवसांत किती हातांनी झाले. नगांची संख्या आणि हजेरीपटावरचे हात यांचा मेळ बसत नसेल तर उरलेले हात कोठे तरी आहेत. ते बहुधा घरी आणि लहान असतात. मजुराशी मुकादमाच्या गैरहजेरीत आणि त्याच्या भाषेत बोलावे. बायकांशी बाईनेच बोललेले बरे.

आणि सापडले तर? पुष्कळ परदेशी कंपन्या लगेच माल घेणे थांबवतात आणि हात झटकतात. त्यामुळे कंपनी सुटते, पण कुटुंब कर्जासह तेथेच राहते, शिवाय कामही जाते. त्यापेक्षा पुरवठादाराला मुदत द्यावी, कर्ज लेखी रद्द करून घ्यावे, थकलेली मजुरी द्यायला लावावी, मुलांची शाळा आणि मोठ्यांचे काम दोन्ही चालू राहतील हे पाहावे. मारहाण, कोंडून ठेवणे किंवा लहान मूल असेल तर मुदतीचा प्रश्नच नाही, थेट सरकारकडे जावे. १९७६ च्या कायद्याप्रमाणे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असून जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. चौकशीनंतर मुक्ततेचा दाखला मिळतो. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत वेगळी आहे, आणि पूर्ण मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अत्यंत गंभीर शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये अशी ठरलेली आहे. अर्जात गावाचे, ठेकेदाराचे आणि कामाच्या जागेचे नाव स्पष्ट लिहावे, किती माणसे व किती मुले ते लिहावे, पेशगीची रक्कम आणि ती कधी घेतली ते लिहावे. दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर कचेरीचा पोच-शिक्का घेऊन ती त्या कुटुंबाच्या हातात द्यावी, ठेकेदाराच्या नव्हे.